मधली ओळ

बलुत्याचं धान्य खळ्यावर वाटलं जायचं आणि त्या वाटपाला ओळी होत्या: थोरली, मधली, धाकटी. मोल्सवर्थच्या जुन्या कोशात ही यादी दिली आहे. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. गावागणिक एखादं नाव इकडचं तिकडं व्हायचं, पण साधारण हिशेब हाच. शिक्षक होतो तेव्हा मी ही यादी फळ्यावर लिहायचो आणि पोरांना विचारायचो, यात काय खटकतं? बहुतेकदा एखादी पोरगीच उठून सांगायची, "गुरुजी, महार-मांग थोरल्या ओळीत कसे?" वाटा मोठा, पण घर गावकुसाबाहेर. भटाचा वाटा लहान, पण घर देवळाशेजारी. धान्य मोजायचं माप एक होतं आणि माणूस मोजायचं दुसरंच.

आम्ही मधल्या ओळीतले, कुंभार. आणि माझं मत विचाराल तर या मधल्या ओळीनंच आम्हाला दोन पिढ्या मागं ठेवलं. समाजाच्या एका मेळाव्यात हे बोलून दाखवलं, तर सूत्रसंचालकानं घाईघाईनं पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. म्हणून आता लिहून ठेवतो आहे.

आमचं गाव कुंभार पिंपळगाव, आज घनसावंगी तालुक्यात आहे. माझ्या लहानपणी तालुका अंबड आणि जिल्हा औरंगाबाद होता. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. त्याच्या मागं गेलं तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. जवळ जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. दक्षिणेला गोदावरी. गावाच्या नावात कुंभार कसा आला याच्या गोष्टी गावात सांगतात, पण कागद कुणाकडंच नाही, तेव्हा मी त्यातली एकही सांगणार नाही. नावात कुंभार आहे एवढं खरं. सातबाऱ्यावर मात्र आमच्या घराचं नाव कधीच नव्हतं. काही गावांत कुंभाराला इनामाचा तुकडा असायचा. आम्हाला तोही नव्हता. माती गावची, पाणी गावचं, गोवऱ्या दारोदार गोळा केलेल्या. चाक तेवढं आमचं.

चाकावरून उतरलेली घागर ही घागर नसतेच, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. चाकावर तयार होतो तो गळा आणि काठ. खालचं सगळं जाड, बूड जवळपास नाहीच. ती तशीच सावलीत ठेवून जराशी आवळू द्यायची. मग मांडीवर घेऊन आतून दगडी गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचं. गोटा आणि थापी यांच्या मधे माती पातळ होत जाते, पोट फुगत जातं, बूड मिटत येतं. अण्णा (वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो) डोळे मिटून ठोकायचे. कुठं जाड राहिलं हे त्यांना आवाजावरून कळायचं. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापी मारून कोण कच्चं ते सांगितलं आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा आमच्याकडं कीर्तनातून ऐकायच्या आधी लेकरांना घरातच कळते. तेर काही आमच्यापासून फार लांब नाही. पण कीर्तनकाराला त्या कथेतला भक्तिभाव दिसतो. आम्हाला त्यात कारागिराचा कान दिसतो.

त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम मायचं. माती आणायची, खडे वेचायचे, लीद आणि राख कालवायची, तुडवायची, वाळत घालायची, आवा रचायचा, वर पऱ्हाट्या आणि गोवऱ्या, त्यावर राख. रात्रभर धूर. वळवाचा पाऊस आला तर सगळा आवा मातीत. मग डालग्यात भरून गावभर फिरायचं तेही तिनंच. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही. खळ्यावर धान्य मिळायचं ते "कुंभाराचं बलुतं". मायच्या हिश्शाचं नाव कुठल्याच ओळीत नव्हतं.

अण्णांना या धंद्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. संक्रांतीची सुगडं, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं भरायची करा-केळी, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, लग्नातली रंगवलेली मडकी, आणि शेवटी मढ्यापुढं धरायचं मडकं. "आपल्या हातच्या घटाला पाटील नमस्कार करतो," असं ते म्हणायचे. पाटलाच्या वाड्यावर त्यांना ओसरीपर्यंत बोलावणं असायचं. ओसरीच्या आत कधीच नाही. ओसरीपर्यंत येता येतं, एवढ्यावर माणूस जन्म काढतो.

आणि आमच्या खाली कुणी होतं. महारवाड्यात (तेव्हा तोच शब्द होता) मडकी द्यायला अण्णा जात नसत. तिथल्या बाया आमच्या आळीच्या तोंडाशी येत. अण्णा मडकं जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं सरत, मग त्या उचलत. वाजवून बघायला हात लावला की मडकं त्यांचं झालं, तडा निघाला तरी परत नाही. पाटलाच्या बायकोनं मात्र पाच घागरी वाजवून चार परत केल्या तरी चालायचं. हे मी ऐकीव सांगत नाही, आळीच्या तोंडाशी मी स्वतः उभा असायचो.

त्या वस्तीनं काय केलं ते आता सांगतो, कारण खरा फरक तिथं पडला. निजामाच्या मुलखात बाबासाहेब मोजक्या वेळा आले. १९३८ च्या डिसेंबरात कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद झाली. १९४१ च्या फेब्रुवारीत उस्मानाबाद जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली. वतनदार हा शब्द ऐकायला भारदस्त, पण त्या वतनात काय होतं? येसकरकी करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि त्या बदल्यात भाकरी मागून आणायची. बाबासाहेबांचं म्हणणं, हे सोडा. सोडणं सोपं नव्हतं. थोरल्या ओळीचा मोठा वाटा त्याच्याबरोबर जाणार होता.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर गावोगाव ते सुटत गेलं. माझ्या वर्गात त्या वस्तीतला एक मित्र होता. त्याच्या वडिलांनी येसकरकी टाकली, तेव्हा गावानं बलुतं तर बंद केलंच, शिवारात शेळी चारायलाही मनाई केली. घरानं दोन वर्षं बाजरीच्या कण्यांवर काढली, असं त्याची आई सांगायची. वडील मुंबईला गेले. थोरला भाऊ औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात. १९५० साली बाबासाहेबांनी ते काढलं ते मराठवाड्यात विद्यापीठ नव्हतं अशा काळात; विद्यापीठ आलं १९५८ ला. खेड्यातनं ट्रंक आणि वळकटी घेऊन गेलेली पोरं तिथल्या वसतिगृहात राहून शिकली. मित्राचा भाऊ सरकारी नोकरीत लागला, मित्र पुढं बँकेत अधिकारी झाला.

अमेरिका आमच्या भागात आली ती आधी मिलिंदमधून. म. ना. वानखडे फ्लोरिडात शिकून परतले आणि तिकडचे काळे लेखक काय लिहितात हे इथल्या पोरांना सांगू लागले. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' याच हवेतलं. लातूरच्या जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, तीही तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. खरं तर ही ओळख फार जुनी. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्या तिथल्या लोकांना. पुण्यातल्या माणसाला जे तेव्हा दिसलं, ते आमच्या कुंभारवाड्याला शंभर वर्षांनीही दिसलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, हे त्यांचं दुखणं, आपलं नाही. आपण शिवताशिवतीतले नाही, आपल्याला ओसरी आहे.

त्यांना वतन सोडताना सोडायला अपमान होता. आम्हाला सोडायला मान होता. मान सोडवत नाही.

मी शाळेत गेलो ते शिक्षणाची महती कळून नव्हे. लहानपणी ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. पोलिओ, पण तेव्हा कुणाला नाव माहीत नव्हतं. माती तुडवायला मी निकामी. "याला बसून खायचं काहीतरी शिकू द्या," असं आजी म्हणाली आणि जून १९६३ ला माझं नाव दाखल झालं. माझा थोरला भाऊ धडधाकट होता, म्हणून तो शाळेत गेला नाही. तो अण्णांच्या शेजारी चाकाला बसला. हा एवढा तपशील ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ. त्या आधीच जर्मलच्या भांड्यांनी स्वयंपाकघरातनं मातीची भांडी उठवायला सुरुवात केली होती. पण बलुतं मोडलं ते दुष्काळानं. खळंच नाही तर ओळ कसली? अण्णा, भाऊ आणि माय रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. शेजारी कुणबी, धनगर, बौद्ध, आणि ज्याच्या खळ्यावर आम्ही उभे राहायचो त्या घरातले लोकही. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची. तिची भाकर थापली की चिरायची, आणि पोरांच्या पोटात दुखायचं. माय म्हणायची, ही ज्वारी त्या देशात जनावरं खात असतील. तिचा तर्क बरोबर होता.

दुष्काळ सरला, पण खळ्यावरचं वाटप पहिल्यासारखं परत आलं नाही. संकरित ज्वारी आली, हिशेब रोख झाला. पैठणला जायकवाडी धरण झालं, १९७६ ला त्याचं उद्घाटन झालं आणि डावा कालवा अंबड-घनसावंगीच्या शिवारातनं परभणीकडं गेला. अंकुशनगरला समर्थ कारखाना उभा राहिला, ऊस आला. ज्याच्याकडं कालव्याखाली जमीन होती तो एका पिढीत वर गेला. पाणी जमिनीमागं गेलं, आणि आम्ही जमिनीवर नव्हतोच. बलुतेदार मोकळा झाला, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. झाला की. पण मोकळा होताना त्याच्या हातात काय होतं, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत हेच घडलं, फार मोठ्या प्रमाणावर आणि फार क्रूरपणे. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मननं हुकूम काढला की साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची जमीन सुटलेल्या गुलामांच्या कुटुंबांना द्यावी, दर घरी चाळीस एकरांपर्यंत. लोक जमिनीवर जाऊन बसले, पेरा केला. लिंकनची हत्या झाली, जॉन्सन अध्यक्ष झाला आणि त्याच वर्षात त्यानं ती जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. गुलामगिरी गेली. पण जमीन मालकाकडं राहिली आणि मोकळा झालेला माणूस त्याच शेतात बटईनं राबू लागला. जातीची आणि वंशाची तुलना करताना जपून बोलावं लागतं. आम्हा कुंभारांना कुणी बाजारात उभं करून विकलं नाही, लेकरं तोडून नेली नाहीत. पण सुटका आणि साधन या दोन गोष्टी एकदम मिळाल्या नाहीत तर सुटकेचं काय होतं, हे दोन्हीकडं सारखं दिसतं.

भाऊ वीटभट्टीवर गेला. मडकी घडवणारा हात विटा थापू लागला. उचल घ्यायची, हंगामभर बायको-लेकरांसकट भट्टीवर राहायचं, हिशेबाला उचल शिल्लकच निघायची. वंशपरंपरागत कुंभाराला ५०० ब्रासपर्यंत मातीचं स्वामित्वधन माफ आहे, अशी सवलत सरकारनं दिली आहे. चांगली आहे. माती काढायची कुणाच्या रानातून, एवढाच प्रश्न उरतो. त्यामुळं सवलत कुंभाराच्या नावावर आणि भट्टी दुसऱ्याच्या मालकीची, असेही प्रकार मी पाहिले.

मी डी.एड. झालो आणि जिल्हा परिषदेत लागलो. शिकत होतो तेव्हाच २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं मेली. नाव प्रत्यक्षात आलं १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी. त्या दंग्यांत कोण पुढं होतं याची चर्चा खूप झाली. माझ्या पाहण्यातली गोष्ट वेगळी आहे. राग होता तो नावाचा कमी आणि इस्त्रीच्या कपड्यांचा जास्त. ज्यानं भाकर मागायची, तो एस.टी.तून उतरताना हातात पेटी घेऊन, पायात बूट घालून उतरतो, हे डोळ्यांत खुपत होतं. आमच्या आळीतलेही म्हणायचे, त्यांना सरकारचं सगळं फुकट मिळतं. त्यांच्या बापांनी काय फेडलं होतं, ते आळीला ठाऊक नव्हतं असं नाही.

फुकट म्हणावं तर यादीत आम्हीही होतो. इतर मागासवर्गीयांच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात, आणि कुंभार त्या यादीत आहे. पण आमच्या आळीत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. १९९० ला मंडलचा गाजावाजा झाला तेव्हा लोक मला विचारायला आले, "गुरुजी, आपण बी त्यात हावोत का?" तेवीस वर्षं आमच्या नावाची पंगत मांडून ठेवलेली होती आणि आम्ही ओसरीवर बसून होतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पालकाचा व्यवसाय लिहायचा रकाना असतो. मुख्याध्यापक असताना मी जुनी पानं उलटत बसायचो. कुंभाराच्या घरात एका पिढीला कुंभारकाम, पुढच्या पिढीला मजुरी, तिच्या पुढं कुठं ड्रायव्हर, कुठं मिस्त्री. बौद्ध घरांत मजुरी, मजुरी, आणि मग एकदम नोकरी. सगळ्या बौद्ध घरांत नव्हे. ज्या घरातनं एकही पोरगं मिलिंदपर्यंत पोचलं नाही, ते अजून कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. मातंगांच्या घरांत तर बदल आणखी हळू, आणि तिथंही मला आमच्यासारखंच काही दिसतं: लग्नात वाजवायचा मान. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला वाट दिली, ती अशाच रजिस्टरांमुळं.

अमेरिकेत राज चेट्टी नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे शहरवार मोजलं. उत्पन्नाच्या सगळ्यात खालच्या पाचव्या हिश्शातल्या घरात वाढलेलं मूल सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्शात पोचायची शक्यता सॅन होजेत १२.९ टक्के, तर नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये ४.४ टक्के. जिथं काळ्यांची वस्ती जास्त आणि वस्त्या एकमेकींपासून तुटलेल्या, तिथं पोरं वर सरकत नाहीत. त्यात गोऱ्यांचीही पोरं अडकतात. हे वाचल्यावर मला आमची आळ्यांची गावं आठवली.

शेजारच्या साउथ कॅरोलिनातल्या एका कुंभाराची ओळख मला मुलानं करून दिली. तो पुण्यात नोकरीला आहे. त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. मोठा थोरला रांजण, काचेसारखी हिरवट-तपकिरी झिलई, दोन्ही अंगांना कान, आणि खांद्यावर कोरलेली अक्षरं. घडवणारा डेव्ह, पुढं स्वतःला डेव्हिड ड्रेक म्हणवून घेणारा. साउथ कॅरोलिनातल्या एजफील्ड भागात, साधारण १८०० च्या आसपास गुलाम म्हणून जन्मला. त्याचे मालक बदलत गेले, धंदा तोच राहिला. मळ्यांवर खारवलेलं मांस आणि चरबी साठवायला लागणारे रांजण तो करायचा, सगळ्यात मोठे दीडशे लिटरांच्या घरातले. १८३४ ला त्या राज्यानं गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्याच वर्षी या माणसानं ओल्या मातीवर तारीख घालून दोन ओळींचं कवन कोरलं. पुढं कित्येक रांजणांवर तो आपलं नाव आणि कवनं कोरत राहिला. त्याचा एक पाय गेलेला होता आणि चाक फिरवायला दुसरा माणूस लागायचा, असं तिकडं सांगतात. यावर मी काही बोललो नाही. मुलानंही काही विचारलं नाही.

मी फोटो मोठा करून गळ्याचा जोड बघत होतो. एवढा रांजण एका बैठकीत उतरत नाही. खालचा भाग चाकावर, वरचा वळ्या चढवून. जोड दिसत नव्हता. अण्णांना दाखवला असता तर त्यांनी आधी जाडी विचारली असती. अक्षरांकडं त्यांचं लक्षच गेलं नसतं, कारण त्यांना अक्षरं येत नव्हती. अण्णांनी घडवलेल्या हजारो मडक्यांपैकी एकावरही त्यांचं नाव नाही, आणि त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती. डेव्हचा १८५८ चा एक रांजण २०२१ मध्ये लिलावात साडेपंधरा लाख डॉलरांच्या वर गेला. लोक या आकड्यानं भारावतात. मला तो आकडा काही सांगत नाही. ज्यानं घडवला त्याला त्या रांजणाचा मोबदलाच नव्हता.

२०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठांच्या प्रवेशात वंश बघायला बंदी घातली. २९ जूनचा निकाल. त्यानंतर दोनच महिन्यांनी आमच्या शेजारच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला मनोज जरांगे मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसीत आरक्षण मिळावं यासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि सगळं राज्य तिकडं बघू लागलं. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातली दप्तरं उघडली: खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कोतवाल बुकं, १९५१ ची नोंदवही, शाळांची दाखल रजिस्टरं. कुणब्याची नोंद शोधायची. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. मी हौसेनं मोडी शिकलो होतो, त्यामुळं माझ्याकडंही लोक झेरॉक्स घेऊन येऊ लागले. उर्दूतली पानं मला येत नव्हती. ती आमचे एक निवृत्त मुस्लिम सहकारी वाचून द्यायचे. एकेकाळी ज्यांच्या खळ्यावर आम्ही उभे, त्यांची पोरं आमच्या दोघांच्या पुढ्यात जाजमावर बसून, नोंद निघते का बघत होती.

मला त्यात सूड वगैरे वाटला नाही. त्यांची कुतरओढ खरी आहे. पन्नास एकरांच्या वाटण्या होत होत दोन एकरांवर आल्या, कापसाला भाव नाही, पोराला नोकरी नाही, लग्नाला मुलगी नाही. जमीन होती तोवर त्यांनाही शाळेची घाई नव्हती. पण २०२४ च्या जूनमध्ये वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसींचं आरक्षण वाचवायला उपोषणाला बसले, तेव्हा आमच्या आळीतली पोरं तिकडं गेली, तेही मला चूक वाटलं नाही. गावचं सरपंचपद ओबीसीला सुटलं तर आमच्यातला माणूस एखादे वेळी तरी बसतो; उद्या निम्मं गाव कुणबी झालं तर त्याला कोण विचारणार? २ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य करणारा निर्णय काढला. तेव्हापासून गावात दोन चहाच्या टपऱ्या वेगवेगळ्या झाल्या आहेत.

अंतरवालीनंतर सोळा दिवसांनी, १७ सप्टेंबर २०२३ ला, दिल्लीत पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक कारागीर, त्यात कुंभार. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, स्वस्त कर्ज. पुतण्याला मी अर्ज भरून दे म्हणालो. तो टेम्पो चालवतो. तो म्हणाला, "काका, विजेचं चाक घेऊन काय करू? बापाला चाकावर बसवलं म्हणून तर मी टेम्पोवर बसलोय." कारागिराला अवजार द्यावंच, पणत्या आणि कुंड्यांचा धंदा शहराजवळ चांगला चालतो, करणारे करतात. पण कुंभाराच्या पोराला मदत करायची म्हटली की सगळ्यांना आधी चाकच का सुचतं, हे मला कळत नाही. वकिलाच्या पोराला कुणी काळा कोट वाटत नाही.

पुतण्याच्या मुलीला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता. जातीचा दाखला निघाला, नॉन-क्रिमिलेअर निघालं, अडलं ते जात वैधता प्रमाणपत्राला. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या कुणाचा तरी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे. गावाच्या नावात कुंभार आहे, पण नाव पुरावा होत नाही. तिचा आजा, म्हणजे माझा भाऊ, शाळेत गेलाच नव्हता. धडधाकट होता ना. पणजोबांच्या नावे कागद नाही, सातबारा नाही. राहिलो मी. जून १९६३, जात हिंदू-कुंभार. शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढला, वंशावळीचं शपथपत्र केलं.

अर्ज भरायला ती माझ्याकडंच बसली होती. एक रकाना आला तशी थांबली.

"आजोबा, पारंपरिक व्यवसाय?"

"कुंभारकाम."

"आणि सध्याचा?"

"वडिलांचा विचारलाय. चालक लिही. टेम्पो स्वतःचा आहे का, ते विचारतात का बघ."

"नाही विचारत."

"मग नुसतं चालक."